सात जणांचा परिचय आणि ताईचा सिनेमा

अन्याय माझ्या मावसबहिणीवर झाला. या वर्षी, होळीच्या आधीच्या शुक्रवारी, सकाळी, मंडळाच्या सभागृहात दुसरा चहा फिरत होता तेव्हा. गाव सिल्वासा. करणारे सात जण, त्यातले हजर सहा. हे आधीच सांगून टाकते, कारण मला पत्रकं लिहायची सवय आहे. कुणाचं काय बिघडलं हे पत्रकाच्या पहिल्या ओळीत आलं नाही, तर माणूस त्याच कागदात भजी बांधून घेतो.

मावसबहिणीला मी ताई म्हणते. ती राखोलीला धाग्याच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. शिरपूरकडची. नवऱ्याचं घर सोडल्यावर इकडं आली आणि आमलीत चार बायकांनी मिळून घेतलेल्या एका खोलीत राहू लागली. आम्ही डोकमर्डीला राहतो. आमच्याकडं ये म्हणून आईनं तिच्या किती विनवण्या केल्या. ती म्हणाली, "मावशी, तुझ्याकडं आले तर रोज कोणीतरी मला समजावत बसेल." विषय संपला. मी स्वतः इथंच जन्मले. मला तीन भाषा येतात आणि एकीतही गप्प बसता येत नाही.

त्या खोलीतल्या चौघींच्या पाळ्या वेगवेगळ्या. एक घरी येते तेव्हा दुसरी निघून गेलेली असते, तिसरी झोपलेली असते, तिला उठवायचं नाही असा खोलीचा नियम. त्यामुळं एका छपराखाली राहून त्या एकमेकींना आठवडाभर दिसत नाहीत. मग फोनवर बोलून ठेवतात. दुधाचं काय, नळ कधी गेला, कोणाची ओढणी कोणी नेली, सासरचा फोन आला होता, उचलला नाही. ताईनं हे निरोप जपून ठेवले होते आणि बाकीच्या तिघींना विचारून त्यांचा तिनं सिनेमा केला. फोनवरच काढला, फोनवरच जोडला. पाऊण तासाचा. पडद्यावर एका वेळी एकच बाई: येते, कारखान्याचा निळा कोट खुंटीला लावते, भात टाकते, झोपते. आणि त्या वेळी नसलेल्या तिघींचे आवाज खोलीभर फिरत असतात.

"भाजी झाकीसन ठेवेल शे, खाई ले. आंबट लागनी तं टाकी दे, मन्हावर उपकार नको करू." हा सिनेमातला पहिला आवाज, अहिराणीतला. पुढं साबणावरून भांडण निघतं. वाढतं. जुनी उणीदुणी निघतात. शेवटी एक जण खोली सोडून जाते, आणि ती गेली हे उरलेल्या तिघींना तिच्या निरोपातूनच कळतं. तोवर तिची वळकटीसुद्धा गेलेली असते.

आम्ही तो घरी पलंगावर बसून बघितला. आई सारखी फोनला बोलत होती. "खोटं बोलतेय ही. साबण हिनंच संपवलाय. आवाज बघ ना कसा गोड केलाय!"

ताईला काय हवं होतं? खोलीतल्या पंख्याची घरघर निरोपांच्या आड येत होती, ती काढून आवाज नीट करून घ्यायचा होता. आणि आमलीत एखादं सभागृह घेऊन, पाळ्या सांभाळून येता येईल अशा रविवारी, तो सगळ्या बायकांना मोठ्या पडद्यावर दाखवायचा होता. एवढंच. प्रादेशिक सिनेमाला हातभार लावणारं एक मंडळ आमच्या भागात आहे. इथल्या गोष्टी, इथल्या भाषा, इथली माणसं, असं त्यांच्या जाहिरातीत असतं. ताईनं अर्ज टाकला आणि तिला बोलावणं आलं. हिंदीत काही विचारलं तर अडखळायला नको म्हणून ती मला बरोबर घेऊन गेली.

दारात एका मुलीनं आम्हाला गुलाबाचं फूल दिलं आणि गुळगुळीत कागदाची एक पुस्तिका दिली. आत मंडळाच्या सदस्यांचे फोटो आणि परिचय. वाट बघायची होती, मी वाचायला लागले.

अध्यक्ष: पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना, निर्यातीत नाव. त्यांचा परिचय सर्वांत मोठा आणि त्यात खोक्याच्या थरांची माहिती होती. दुसरे एका मोठ्या कारखान्याचे सुरक्षाप्रमुख, आता निवृत्त, स्वतःची सुरक्षारक्षकांची एजन्सी. या पट्ट्यातल्या निम्म्याअधिक कारखान्यांत कॅमेरे त्यांनी बसवलेत असं अभिमानानं लिहिलेलं. एक सनदी लेखापाल. खानवेलच्या बाजूला रिसॉर्ट असणारे एक, ज्यांच्या हिरवळीवर लग्नाच्या आधीचे व्हिडिओ निघतात. एक निवृत्त अधिकारी. त्यांनी कुठकुठली खाती सांभाळली ते होतं, पाणीपुरवठ्यापासून पुढं. नवरात्रात मोठा गरबा भरवणाऱ्या एक बाई. आणि मुंबईचा एक नट, ज्याचा फोटो होता, खुर्ची होती, खुर्चीपुढं पाटी होती, फक्त तो नव्हता.

मी पुस्तिका पुढून वाचली, मागून वाचली. नट सोडला तर एकाच्याही परिचयात सिनेमा हा शब्द नव्हता. काढला नाही, लिहिला नाही, संकलन केलं नाही, हे मी समजू शकते. पण आवडीनं बघितला, असंही कोणी लिहिलेलं नव्हतं.

"ताई, हे बघ."

"मला दाखवू नको," ताई म्हणाली. "मी आत जाऊन काय बोलायचं ते पाठ करतेय."

आत गेलो. लांब टेबल, समोर भिंतभर पडदा. आमच्याबरोबर आणखी तीन अर्जदार होते. दिवे मंद झाले आणि पडद्यावर चार चौकोन उघडले. एकात ड्रोननं टिपलेली नदी, एकात कॉलेजातली पोरं पळताहेत, एकात नाच, आणि खाली डाव्या कोपऱ्यात ताईची खोली. चारही सिनेमे एकदम सुरू. आवाज एकाचाही नाही.

मला वाटलं, बिघाड आहे. मी उठून म्हणाले, "सर, स्क्रीन अडकलीय बहुतेक."

सुरक्षाप्रमुख वळले. शांत माणूस, पांढऱ्या मिश्या, बोलणं मऊ. "अडकली नाही बेटा. आम्ही असंच बघतो. नाहीतर एवढे अर्ज कधी संपायचे?"

"आणि आवाज?"

"आवाज लागत नाही. हयात गेली माझी. एका भिंतीवर मी अख्खा प्लांट बघायचो. कुठं काय चाललंय ते हालचालीवरून कळतं."

आणि बाकी कोणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. हे मला लिहून ठेवलंच पाहिजे. खोकेवाल्यांच्या केबिनमध्ये तशीच भिंत, रिसॉर्टवाल्यांच्या काउंटरमागं तशीच. त्यांनी माणसं आयुष्यभर अशीच बघितली आहेत, चौकोनात, मुक्यानं. सिनेमा आला तर तोही त्याच भिंतीवर लावला. चहा आला. बिस्किटं आली.

मग शेरे सुरू झाले.

"बेन," अध्यक्ष ताईला म्हणाले, "बाकीच्या तीनमां मूव्हमेंट छे. तुमच्यात एकच बाई. आवे छे, सुवे छे. स्टोरी क्यां छे?"

"साहेब, गोष्ट बोलण्यात आहे. त्या बोलतात ना, त्यात."

"कोण बोलतं? एकटीच तर आहे!"

गरबावाल्या बाई हसल्या. ताईनं माझ्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "साहेब, एकटी नाही. चौघी आहेत."

टेबलावर जरा कुजबुज झाली. लेखापालांनी चष्मा वर केला. "कुठं? मलाही एकच दिसली. निळा कोट, आली, झोपली, परत आली, परत झोपली."

"दोन आहेत," सुरक्षाप्रमुख म्हणाले. "एकीची चाल वेगळी आहे."

"एकच आहे हो."

"दोन. माझी नजर चुकत नाही."

एक की दोन, यावर त्यांचं चांगलंच जुंपलं. चौघींपैकी एक तर ताई स्वतः होती. ती त्यांच्या समोर उभी होती, हातात गुलाबाचं फूल घेऊन, आणि ते पडद्यावर बोट दाखवून मोजत होते. कोणी मान वळवून तिच्या तोंडाकडं बघितलं नाही.

शेवटी सुरक्षाप्रमुखांनी अगदी मनापासून एक गोष्ट सांगितली. "एक लक्षात आणून देतो. गॅसचा सिलेंडर पलंगाला चिकटून ठेवलाय. धोक्याचं आहे. आजच हलवा."

खरंच चिकटून होता. ताई "हो साहेब" म्हणाली.

निकाल तिथंच लागला. ड्रोनच्या नदीला मदत मंजूर. आम्ही बाहेर आलो. उन्हात मी रिक्षाला हात करायचं विसरून नुसतं तोंड सोडलं होतं. शेवटी ताईनंच हात करून रिक्षा थांबवली.

"पटकन बोलून टाक काय करणारेस ते," ती म्हणाली.

"पत्रक काढणार. मंडळावर कोण बसलंय ते लोकांना कळलं पाहिजे."

"मला पिच्चर दाखवायचाय. तुझा मोर्चा नाही बघायचा मला."

"मोर्चाशिवाय हे ऐकणार आहेत?"

"ऐकण्याचेच तर वांधे आहेत त्यांचे," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. मग हसणं मध्येच थांबलं. "एकच बाई म्हणाले गं. मी त्यांच्या पुढ्यात होते."

पत्रक मी रविवारी लिहिलं. मथळा: 'आपला सिनेमा कोण निवडतं?' त्याखाली एकेकाचा परिचय, त्यांच्याच पुस्तिकेतला, काना-मात्रा न बदलता. शेवटी एक ओळ माझी: यांनी चार बायकांची एक केली आणि सिलेंडर तेवढा हलवायला सांगितला. आमलीच्या बाजारात वाटलं, राखोलीला पाळी सुटताना गेटवर वाटलं.

लोक काय म्हणाले? ऐका. एक म्हणाला, "मॅडम, कँटीनच्या डाळीवर पण काढा एखादं." दुसरा म्हणाला, "पिच्चर काढताय? हिरोला मी फिक्स." त्याचा दोस्त म्हणाला, "याला घेतलं तर सिलेंडर हलवायला घ्या." एका बाईनं उभ्या उभ्या सगळं वाचलं आणि विचारलं, "मग यात बसायचं कोणी? कोण नेमतं यांना?"  मी "सरकार" असं काहीतरी म्हणाले. ती म्हणाली, "म्हणजे माहीत नाही," आणि गेली.

तो प्रश्न माझ्या डोक्यात भुंग्यासारखा फिरत राहिला. घरी येरझाऱ्या घालत होते, तर आई ओरडली, "एका जागी बस नाहीतर लादी पूस." मी लादी पुसली. तरी भुंगा होताच.

पत्रक अध्यक्षांपर्यंत पोचायचंच होतं. त्यांनी आम्हा दोघींना कारखान्यावर बोलावलं. मी भांडायची पूर्ण तयारी करून गेले. त्यांच्या केबिनमध्ये ती भिंत होतीच, चौकोन चालू होते; त्यांनी त्याकडं पाठ करून खुर्ची घेतली.

"पत्रक वाच्युं," ते म्हणाले. "भाषा कडक आहे. आमच्या खोक्यांवर छापायला लिहून देशील?"

"यातलं खोटं काय आहे ते सांगा."

"कशाला? आमचंच तर छापलंस." मग त्यांचा आवाज चढला. "पण मला एक सांग. मी कोणाला बाहेर ठेवलं? सात खुर्च्या. त्यातल्या तीन प्रेक्षकांच्या. नियमच आहे तसा. इथं राहणारा, सिनेमा बघणारा कोणीही. शिक्षणाची अट नथी, ओळखीची नथी. दर वेळी सूचना लावतो. कार्यालयाच्या गेटवर, कारखान्यांच्या गेटवर. छापून देतो. कोणी येतं?"

मी भिंतीवरच्या गेटच्या चौकोनाकडं बघितलं.

"एक माणूस नाही आला, बेन. एक नाही. खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर मंडळच बसत नाही. मग मी शेजाऱ्यांना हात जोडले. सुरक्षावाल्या साहेबांना घरी जाऊन बोलावलं. ते म्हणाले, मला सिनेमातलं कळत नाही. मी म्हटलं, बघता तर येतं ना? आले बिचारे. रिसॉर्टवाला माझा पार्टनर. गरबावाल्या बेन माझ्या मेहुण्याची बायको. आता लिही पत्रकात."

म्हणजे सुरक्षाप्रमुख, रिसॉर्टवाले आणि गरबावाल्या बाई, हे तिघं कागदोपत्री आम्ही होतो. प्रेक्षक. आमच्या नावानं बसलेले.

हे सगळं त्यांच्या सोयीचं आहे, हे मला कळत होतं. गेटवर लावलेली सूचना कोणत्या भाषेत होती? पत्रक वाचून प्रश्न विचारणाऱ्या त्या बाईला ती वाचता आली असती का? आणि बैठक शुक्रवारी सकाळी ठेवली की कोणता कामगार येतो? हे मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "वार बदलता येईल. आलेल्यांनी बदलायचा. न आलेल्यांसाठी मी कशाला बदलू?" उद्धट उत्तर. पण ते खोडायचं तर आत जाऊन बसायला हवं.

ताईनं खुर्ची पुढं ओढली. ती म्हणाली, "साहेब, माझ्या पिच्चरचं काय?"

"निर्णय झाला तो झाला. आपलाच निर्णय मंडळ स्वतः फिरवू शकत नाही. पण मुदत संपतेय. पावसाळ्यानंतर नवीन बसेल. अर्ज परत टाका, बघतील."

"आवाज लावून?"

अध्यक्षांनी हात पसरले. "जे बसतील ते ठरवतील. मी एकटा सांगून बाकीचे ऐकत नाहीत. तिघं एका बाजूनं बोलले तर मात्र ऐकावं लागतं."

बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "तिघं."

त्या दिवसापासून मी तीन माणसं शोधतेय. ताईला बसता येत नाही, तिचा स्वतःचा अर्ज आहे. एक नाव मी माझं दिलं आहे. ताईचा सिनेमा आला की मला उठून बाहेर जावं लागेल, नातं आहे म्हणून; आवाज लावून बघायचं हे आधीच ठरवून घ्यायला आणि बाकीच्यांसाठी मी आहे. म्हणजे तिच्यासाठी आतले दोघं तरी दुसरे हवेत, आणि मला ते मिळत नाहीयेत.

पुण्या-नाशिकचे इंजिनिअर राहतात त्या सोसायटीत गेले. तिथं दर शनिवारी एक जण घरी प्रोजेक्टर लावतो, सगळे मिळून सिनेमा बघतात, नंतर तासभर वाद घालतात. मी म्हटलं, हेच तर हवंय. एक काका म्हणाले, "आम्ही टेक्निकल माणसं गं. आणि आज इथं, उद्या बदली." किती वर्षं इथं आहात, विचारलं. त्यांच्या मुलीनं आतून उत्तर दिलं, "मी याच घरात जन्मलेय." काका म्हणाले, "तू अभ्यास कर." काकूंना यायचं होतं असं मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. मी त्यांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मी काय बोलणार त्या लोकांत?" पोहे मात्र फार चांगले होते.

राखोलीच्या चहाच्या टपरीवर एक जण म्हणाला, "माझी पाळी तू करशील का?" बरोबर आहे त्याचं. म्हणूनच वार बदलायला आत कोणीतरी बसायला हवं, हे मी त्याला सांगितलं. त्यानं चहा संपवला, "साहेबलोकांत खुर्चीवर बसायचं म्हणजे पँट चांगली लागते," म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसले. मग राग आला.

ताईच्या खोलीत गेले. तिथली सर्वांत थोरली, जिच्या भाजीच्या निरोपानं सिनेमा सुरू होतो, ती धुळ्याकडची. ती पडद्यावर आहे, म्हणून तिलाही आमच्या सिनेमाच्या वेळी बसता येणार नाही; तरी मी विचारलं.

"माले काय कळस पिच्चरमधलं?"

ताई भांडी लावत होती, तिथून म्हणाली, "मग इंटरव्हलला हिरोला शिव्या कोण देतं?"

"त्या तं कोनी बी देई."

"देतं कुठं? बाकी सगळे समोसे खातात."

ती "दखू" म्हणाली, म्हणजे बघू. आमच्याकडं "दखू" म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही. सिलेंडर अजून पलंगाशेजारीच होता. खोलीत दुसरी जागा नाही.

खोलीतली चौथी, जी सिनेमात निघून जाते, ती खरोखर वापीला गेली आहे. ताई तिला रोज निरोप पाठवते: अजून ठरलं नाही, ठरलं की रविवार कळवते. तीही रोज उत्तर पाठवते. आता त्या उत्तरांमध्ये "जाऊ दे" हा शब्द यायला लागलाय. मला त्या शब्दाची भीती वाटते. तो एकदा ताईच्या तोंडी आला, की ती अर्ज परत टाकणार नाही, मी तिला ओळखते. आणि मग मी कितीही पत्रकं वाटली तरी तो सिनेमा तिच्या फोनमध्येच पडून राहील.

म्हणून आता तुम्हाला सांगते. हे वाचणाऱ्या तुम्हालाच. सिल्वासात राहत असाल, राखोलीला, आमलीला, डोकमर्डीला, कुठंही, तर प्रेक्षकांच्या खुर्चीसाठी नाव द्या. तुम्ही इथले नसाल तर तुमचा कोणीतरी इथं आहेच. धुळ्या-नंदुरबारात असं घर मी पाहिलेलं नाही ज्याचा भाचा नाहीतर दीर इथल्या कारखान्यात नाही. त्याला आज फोन करा. परिचयात काय लिहायचं, असं विचारू नका. कोणता सिनेमा कुणाबरोबर बघितलात आणि कोणत्या जागी उठून जावंसं वाटलं, ते लिहा. खुर्चीचा अर्ज श्रावण संपायच्या आत मंडळात जायला हवा. पँट असेल ती घाला, साडी असेल ती नेसा, आत जा, त्या खुर्चीत बसा, आणि एका वेळी एकच सिनेमा लावायला सांगा.